योद्ध्याचे अश्रू : पाली वाङ्मय, विजयस्तंभ आणि सैनिकाचे मन

मुळा-मुठा नदी ओलांडून येरवड्याच्या बाजूला आले की नगर रस्ता ईशान्येकडे जातो. दरवर्षी १ जानेवारीला लक्षावधी उपासक-उपासिका याच रस्त्याने भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी जातात. येरवडा म्हटले की आपल्याला येथील तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेला पुणे करार आठवतो. परंतु त्याच्या ११५ वर्षे आधी याच येरवड्याच्या उतारावर एक लढाई झाली होती, याचे स्मरण फार थोड्यांना असते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्यानंतर जनरल स्मिथची फौज शिरूरकडून पुण्याजवळ आली आणि १६ नोव्हेंबरला येरवड्याचा उतार ओलांडण्यासाठी पेशव्यांच्या सैन्याशी तिची झुंज झाली. दुसऱ्या दिवशी पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि दुसरा बाजीराव पळत सुटला. हीच पळापळ पुढे दीड महिन्यात कोरेगावच्या रणापर्यंत पोहोचली.

या घटनांचा राजकीय अर्थ आपल्या नियतकालिकांतून पुष्कळदा मांडला गेला आहे व तो येथे पुन्हा सांगण्याचा आमचा हेतू नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला वेगळा प्रश्न विचारावयाचा आहे. नदीच्या थंड पाण्यात उतरून समोरच्या काठावरील तोफांकडे पाहणाऱ्या शिपायाच्या मनात काय चालले असेल? लढाई संपल्यावर तो घरी काय घेऊन परतला? युद्धाने सैनिकाच्या मनावर होणारा आघात वाङ्मयाने कसा टिपला, आणि कोणाचा आघात टिपला? आपण बौद्ध आहोत, प्राणिहिंसेपासून परावृत्त होण्याचे शील घेतलेले आहोत. आणि आपल्या पूर्वजांत सैनिकांची मोठी परंपरा आहे. म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा नाही.

रणातील भय : अंगुत्तर आणि संयुत्त निकाय

युद्धात सैनिकाचे मन खचते ही गोष्ट पहिल्या महायुद्धात युरोपला प्रथम उमगली, असा एक समज रूढ आहे. तोफगोळ्यांच्या माऱ्याने भ्रमिष्ट झालेल्या सैनिकांच्या अवस्थेला १९१५ साली चार्ल्स मायर्स या वैद्याने ‘शेल शॉक’ हे नाव वैद्यकीय लेखनात आणले, हे खरे. परंतु नाव नवे असले तरी वस्तू जुनी होती, आणि तिची सूक्ष्म नोंद पाली तिपिटकात आहे.

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात ‘योधाजीव’ या नावाची दोन सुत्ते लागोपाठ येतात. योधाजीव म्हणजे युद्धावर उपजीविका करणारा. पहिल्या सुत्तात पाच प्रकारचे योद्धे सांगितले आहेत. एकाचा धीर रणभूमीवर उठलेला धुळीचा लोट पाहूनच सुटतो. दुसरा धूळ सहन करतो, पण शत्रूच्या ध्वजाचे टोक दिसताच खचतो. तिसरा ध्वजही सहन करतो, मात्र गलका कानी पडताच त्याचे पाय लटपटतात. चौथा गलक्यापर्यंत टिकतो आणि प्रत्यक्ष प्रहाराच्या क्षणी मोडतो. पाचवा हे सर्व सोसून जिंकतो. वाचकांच्या लक्षात येईल की येथे भित्रा आणि शूर अशी ढोबळ विभागणी नाही. भय पायरीपायरीने कसे चढते, डोळ्यांतून, कानांतून आणि शेवटी त्वचेतून ते आत कसे शिरते, याचे हे वर्णन आहे. ज्याने रण जवळून पाहिले आहे, किंवा पाहिलेल्यांचे बोलणे मन लावून ऐकले आहे, त्यालाच असे वर्णन सुचू शकते.

दुसरे सुत्त याहून मर्मभेदी आहे. ढाल-तलवार आणि धनुष्यबाण घेऊन रणात उतरलेला एक योद्धा तेथेच मारला जातो. दुसरा जखमी होतो. त्याला नातलगांकडे नेत असताना तो वाटेतच प्राण सोडतो. तिसरा घरी पोहोचतो, नातलग त्याची शुश्रूषा करतात, तरी तो वाचत नाही. चौथा शुश्रूषेने बरा होतो. पाचवा विजयी होतो. पाचांपैकी तिघांची कथा रणभूमीच्या बाहेर, वाटेवर आणि घरात घडते. पोवाडा जेथे संपतो तेथून हे सुत्त सुरू होते. दोन्ही सुत्तांत हे दृष्टान्त भिक्षूच्या साधनेसाठी योजिले आहेत. परंतु श्रोत्यांना ओळखीचा नसेल असा दृष्टान्त कोणी देत नाही. घरी आणलेला जखमी सैनिक आणि त्याच्या उशाशी बसलेले आप्त हे दृश्य त्या काळी घरोघरी परिचित होते, एवढा निष्कर्ष त्यातून निश्चित निघतो.

संयुत्त निकायातील धजग्ग सुत्त हे आपल्या विहारांतून परित्राण पाठात म्हटले जाते. त्याचा आरंभ देव आणि असुर यांच्या युद्धाने होतो, हे म्हणताना अनेकांच्या ध्यानात येत नाही. रणात भीती वाटली, अंग कापू लागले, रोमांच उभे राहिले, तर माझ्या ध्वजाच्या टोकाकडे पाहा, असे इंद्र आपल्या सैनिकांना सांगतो. भगवंत त्यावर म्हणतात की ध्वज पाहून ती भीती जाईलही, न जाईलही. कारण ज्या इंद्राचा तो ध्वज, तो स्वतःच भयापासून मुक्त नाही. सेनापतीच्या भयाची इतकी स्पष्ट जाणीव जगातील प्राचीन युद्धवाङ्मयात विरळाच आढळेल. ध्वजाऐवजी बुद्ध, धम्म आणि संघ यांचे स्मरण भगवंतांनी सांगितले. आपण रोज म्हणतो ती त्रिरत्नवंदना या सुत्तात भ्यालेल्या मनाचे औषध म्हणून येते.

एका योद्ध्याचे रडणे

या विषयातील सर्वांत महत्त्वाचे सुत्त संयुत्त निकायाच्या गामणि संयुत्तात आहे. योधाजीव नावाचा गामणी, म्हणजे योद्ध्यांचा एक प्रमुख, तथागतांकडे येतो. योद्ध्यांच्या जुन्या आचार्य-प्राचार्यांकडून त्याने ऐकले आहे की जो वीर रणात झुंजताना मारला जातो तो एका विशिष्ट देवलोकात जातो. यावर भगवंतांचे मत काय, असे तो विचारतो. भगवंत म्हणतात, हे राहू दे, हे मला विचारू नकोस. तो पुन्हा विचारतो. पुन्हा तेच उत्तर मिळते. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र भगवंत उत्तर देतात. हे प्राणी मारले जावोत, नष्ट होवोत, असा विचार करीत जो लढतो, त्याचे चित्त लढण्यापूर्वीच हीन आणि विकृत झालेले असते. अशा चित्ताने मेलेल्याला देवलोक मिळतो ही समजूत खोटी आहे. त्याच्या वाट्याला येते ती दुर्गती.

हे ऐकून तो योद्धा ढसढसा रडू लागतो. म्हणूनच मी तुला विचारू नकोस म्हणत होतो, असे भगवंत म्हणतात. त्यावर योद्धा जे सांगतो त्यात या सुत्ताचा प्राण आहे. आपण जे म्हणालात त्यासाठी मी रडत नाही. त्या जुन्या आचार्यांनी मला इतका दीर्घकाळ फसविले, ठकविले, म्हणून मी रडतो आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. शेवटी तो त्रिशरण ग्रहण करतो.

स्वर्ग-नरकाची भाषा त्या काळची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिकविलेल्या दृष्टीने वाचणाऱ्याला तिच्यात अडकण्याचे कारण नाही. सुत्ताचा आशय चित्तासंबंधी आहे. मारण्याचा संकल्प हा मारणाऱ्याचे चित्त प्रथम उद्ध्वस्त करतो, हे पहिले प्रतिपादन. सैनिकाची सर्वांत खोल जखम शत्रूच्या शस्त्राची नसते, त्याला रणात पाठविणाऱ्यांनी दिलेल्या खोट्या वचनाची असते, हे दुसरे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना हेच दुसरे प्रतिपादन स्वतंत्रपणे मांडले. ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ या १९९४ च्या ग्रंथात त्यांनी होमरच्या महाकाव्याशी या सैनिकांच्या कथनांची तुलना केली. प्राण पणाला लागलेले असताना अधिकारपदावरील व्यक्तीने जे योग्य त्याचा विश्वासघात केला, तर सैनिकाचे शील-चारित्र्यच कोलमडते, असे त्यांचे निरीक्षण आहे. हा विचार पुढे ‘नैतिक जखम’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या गामणीचे अश्रू हे या नैतिक जखमेचे अश्रू होत.

विषादाची दोन उत्तरे

येथे भगवद्गीतेची आठवण होणे अपरिहार्य आहे. गीतेच्या आरंभी अर्जुनाची जी अवस्था वर्णिली आहे ती भयाची आणि शोकाची अस्सल अवस्था आहे; गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, हातातून धनुष्य सुटते. या विषादाला मिळणारे उत्तर असे, की आत्मा मरत नाही, म्हणून मारणे हे मारणे नव्हे. युद्ध हा क्षत्रियाचा वर्णधर्म आहे. आणि मेलास तर स्वर्ग आहेच. योधाजीव गामणीला त्याच्या आचार्यांनी जे सांगितले होते तेच हे वचन होय. बाबासाहेबांनी गीतेवरील आपल्या निबंधात, गीता युद्धाला तात्त्विक समर्थन पुरविते आणि त्याच बरोबर चातुर्वर्ण्यालाही पुरविते, हे दाखवून दिले आहे. ही दोन समर्थने परस्परांपासून वेगळी करता येत नाहीत. ज्याने सैनिकाच्या मनातील प्रश्न वर्णधर्माच्या नावाने मिटविला, त्याला त्याच नावाने इतरांचे प्रश्नही मिटविता येतात.

महाभारताला युद्धाची किंमत ठाऊक नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. स्त्रीपर्वातील आक्रोश आणि शांतिपर्वाच्या आरंभीची युधिष्ठिराची विरक्ती त्याची साक्ष देतात. येरवड्याच्याच डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे अध्यापन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ या १९६७ च्या ग्रंथात महाभारतातील माणसांकडे देवत्वाचा मुलामा काढून पाहिले. या ग्रंथाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी मनात तर अश्वत्थामा हा युद्धाने जखमी झालेल्या माणसाचे प्रतीकच होऊन बसला आहे. कपाळावरील भळभळत्या जखमेसाठी तेल मागत तो दारोदार फिरतो, अशी लोकसमजूत आहे. आणि न भरणाऱ्या दुःखाला आपण आजही अश्वत्थाम्याची जखम म्हणतो. पण येथेही वाचकाने थोडे थांबून पाहावे. ज्याची जखम भाषेत अमर झाली तो द्रोणाचार्यांचा पुत्र आहे. घटोत्कच मारला गेला तेव्हा कर्णाचे अमोघ अस्त्र खर्ची पडले म्हणून कृष्णाला आनंद झाला, असे द्रोणपर्व सांगते. राक्षसीच्या पोटी जन्मलेल्या योद्ध्याचे मरण हिशेबात जमा झाले. कोणाच्या वेदनेला वाङ्मय आणि कोणाच्या वेदनेला हिशेब, हा भेद इतका जुना आहे.

बिंबिसाराचे सैनिक आणि अशोकाचा पश्चात्ताप

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे, तो आमच्या मते पुरेशा गांभीर्याने वाचला जात नाही. मगधराज बिंबिसाराच्या सीमेवर बंडाळी झाली. त्याने सेनानायकांना सीमा शोधून काढण्याची आज्ञा केली. तेव्हा काही नामांकित योद्ध्यांच्या मनात आले, की युद्धाचा आनंद मानणारे आपण पाप करीत आहोत. यातून सुटून कुशल कर्म कसे करता येईल? ते शाक्यपुत्रीय श्रमणांकडे गेले आणि प्रव्रजित झाले. सेनानायकांनी चौकशी केली, राजापर्यंत तक्रार गेली. अशा सैनिकांना प्रव्रज्या देणाऱ्याला कोणती शिक्षा असावी, असे राजाने विचारता न्यायाधिकाऱ्यांनी शिरच्छेदासारख्या शिक्षा सुचविल्या. बिंबिसाराने ही गोष्ट भगवंतांच्या कानी घातली आणि श्रद्धाहीन राजे अशा कारणावरून भिक्षूंना त्रास देतील असे सांगितले. त्यानंतर राजसेवेतील व्यक्तीला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला.

या प्रसंगातून दोन गोष्टी कळतात. युद्धाला कंटाळलेल्या, मनाने पोळलेल्या सैनिकांना संघ हे आश्रयस्थान वाटत होते, ही पहिली. आणि संघ टिकवायचा तर राजसत्तेशी काही मर्यादा मान्य कराव्या लागल्या, ही दुसरी. दुसरी गोष्ट झाकून ठेवण्याची आवश्यकता नाही. ज्या धम्माने योद्ध्याला सत्य सांगितले त्याच्या संघाला योद्ध्यासाठी दार सदैव उघडे ठेवता आले नाही. ती त्या काळच्या सत्तेची मर्यादा होती. तरीही विनयाने एक रेषा स्पष्ट आखली. सज्ज झालेली सेना पाहावयास जाणे, योग्य कारणाने जावे लागले तरी दोन-तीन रात्रींहून अधिक सेनेत राहणे, आणि तेथे राहून युद्धाचा देखावा पाहणे भिक्षूंसाठी निषिद्ध ठरले. युद्ध हा पाहण्याचा सोहळा नव्हे, हे त्यातून सूचित होते.

सम्राट अशोकाने कलिंगयुद्धानंतर तेराव्या शिलालेखात आपला पश्चात्ताप कोरून ठेवला. दीड लाख माणसे बंदी करून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी पट मेली, असे तो स्वतःच सांगतो. जे स्वतः वाचले पण ज्यांचे मित्र आणि आप्त दुःखात पडले, त्यांनाही तो आघात बसतो, असेही तो नमूद करतो. विजेत्याने आपल्या विजयाचा असा ताळेबंद मांडणे हे इतिहासात अपूर्व आहे. तरी धौली आणि जौगड या कलिंगातील ठिकाणी हा तेरावा लेख कोरलेला नाही. तेथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांच्यावर तो प्रसंग गुदरला त्यांच्यासमोर ते आकडे मांडणे सम्राटाला उचित वाटले नसावे. पश्चात्तापाचाही एक प्रेक्षक असतो, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

कोरेगाव : नावे आहेत, मन नाही

आता पुन्हा नगर रस्त्यावर येऊ. १८१७ च्या डिसेंबरअखेर पेशवा पुण्याच्या दिशेने परत वळला, तेव्हा पुण्याच्या इंग्रज अधिकाऱ्याने शिरूरहून मदत मागविली. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, काही स्वार आणि दोन तोफा घेऊन कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबरच्या रात्री निघाला. सुमारे ८०० सैनिक रात्रभर चालून सकाळी भीमेकाठी पोहोचले आणि समोर पेशव्यांची प्रचंड फौज उभी असलेली त्यांना दिसली. त्यानंतर रात्रीपर्यंत, अन्नावाचून आणि बराच काळ पाण्यावाचून, ते गावातील गल्लीबोळांत लढले. सुमारे २७५ जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या दिवसाचे वर्णन आहे. तहानेने आणि थकव्याने सैनिक हताश झाले, काहींनी शरण जाण्याची गोष्ट काढली, हे तो सांगतो. तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम याचे शिरावेगळे धड दाखवून, शत्रूच्या हाती लागलेल्याची ही गत होते, असे स्टाँटनने त्यांना बजावले, तेव्हा ते पुन्हा लढावयास उभे राहिले. मरणाच्या दारी पडलेला लेफ्टनंट पॅटिन्सन बंदूक हाती घेऊन पुन्हा उठला, हेही तो सांगतो. हे प्रसंग हृदयद्रावक आहेत यात संशय नाही. पण यात नाव आणि चेहरा कोणाला आहे ते पाहावे. गोऱ्या अधिकाऱ्यांना नावे आहेत, कृती आहेत, अंतिम क्षण आहेत. शिपायांची तहान सामुदायिक आहे, त्यांचे भय सामुदायिक आहे.

शिपायांची नावे दगडावर आली. ज्या स्तंभाची पायाभरणी १८२१ साली झाली, त्यावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावे ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची मानली जातात. ज्यांना गावात सरळ नावाने हाक मारली जात नव्हती त्यांची नावे राजस्तंभावर चढली, या घटनेचे सामाजिक मोल अमाप आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले ते हे मोल जाणूनच. आणि तरीही स्तंभ नाव देतो, मन देत नाही. त्या रात्री घरी परतलेल्याला झोप लागली काय? शेजारी पडलेल्या सोबत्याचे पाणी मागणे त्याच्या कानांतून गेले काय? समोरच्या बाजूला पडलेल्या अरबाकडे आणि गोसाव्याकडे पाहून त्याला काय वाटले? या प्रश्नांना दगड उत्तर देऊ शकत नाही. ते वाङ्मयाचे काम होते आणि वाङ्मय त्या काळी ज्यांच्या हाती होते त्यांना हे प्रश्न पडत नव्हते.

दुसरी जखम

या सैनिकांच्या वंशजांना युद्धापेक्षाही खोल अशी एक जखम पुढे झाली. लढाऊ जातींचा सिद्धान्त पुढे करून १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. ज्यांच्या आजोबांनी खडकी-कोरेगावपासून राज्यासाठी रक्त सांडले, ते एका हुकमाने लढण्यास नालायक ठरले. शे यांनी वर्णिलेला विश्वासघात तो हाच. या जखमेचे वाङ्मय मात्र आपल्याच लोकांनी लिहिले, आणि ते कवितेच्या रूपात नव्हे तर अर्जांच्या रूपात आहे. १८८६ साली सैन्यातून निवृत्त झालेले आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर, पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे पाठविलेले निवेदन, हे सर्व लेखन वरवर पाहता सरकारी भाषेतील विनंती आहे. नीट वाचले तर त्यात तोच स्वर ऐकू येतो, जो योधाजीव गामणीच्या रडण्यात होता. आम्हांला सांगितले गेले ते खोटे होते, हा तो स्वर. फरक इतकाच, की येथे अश्रूंची जागा हक्काच्या मागणीने घेतली. आमच्या मते दलित वाङ्मयाच्या इतिहासात या अर्जांना सैनिकांचे पहिले आत्मकथन म्हणून स्थान मिळाले पाहिजे.

पहिल्या महायुद्धात मनुष्यबळ अपुरे पडू लागले तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. त्याच काळी युरोपात सैनिकाच्या मनाचे वाङ्मय बहरत होते. एडिनबर्गच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात १९१७ साली भेटलेले ससून आणि ओवेन हे कवी रणातील सत्य लिहीत होते. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबण्यास एक आठवडा उरला असता, मारला गेला. रेमार्क या जर्मन लेखकाची पश्चिम आघाडीवरील कादंबरी १९२९ साली ग्रंथरूपाने आली आणि १९३३ साली नाझींनी ती जाळली. सैनिकाचे खरे मन हुकूमशहाला परवडत नाही, याचा हा पुरावा. भारतीय सैनिकाच्या वाट्याला मात्र सेन्सॉर आला. फ्रान्समधून घरी जाणारी पत्रे तपासली जात. तेव्हा काळी मिरी आणि लाल मिरची अशा सांकेतिक शब्दांनी, काळे सैनिक संपत आले असे शिपाई घरच्यांना सुचवीत. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियातील कूट येथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. उपासमार आणि तुर्कांच्या कैदेतील हालांची एक मोलाची आठवण शिशिर सर्वाधिकारी यांच्या ‘अभी ले बगदाद’ या १९५७ च्या बंगाली पुस्तकात जतन झाली. मुल्कराज आनंद यांनी फ्लँडर्सच्या खंदकातील शेतकरी शिपायाला इंग्रजी कादंबरीचा नायक केले. लेखणी ज्याच्या घरात पोहोचली त्याचे दुःख लिहिले गेले, हा नियम येथेही खरा ठरतो.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. ज्यांना हातात शस्त्र धरण्याचाच अधिकार नाकारला गेला त्यांच्यासाठी भरतीचा प्रश्न समान नागरिकत्वाचा प्रश्न होता. आपले वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्या सैनिकी पेशामुळे घरात शिक्षण कसे आले, हे बाबासाहेब स्वतःच्या आयुष्यावरून जाणत होते.

सिद्धार्थाचा नकार

मग एकीकडे रेजिमेंटसाठी झटणारे बाबासाहेब आणि दुसरीकडे पंचशील देणारे बाबासाहेब, यांत विसंगती आहे काय? या प्रश्नाचे उत्तर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आरंभीच आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही रूढ कथा बाबासाहेबांनी अमान्य केली. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ शाक्य संघात उभा राहून त्याला विरोध करतो आणि बहुमताने हरतो. वीस ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात यावे असा हुकूम निघतो, तेव्हा तो शस्त्र धरण्यास नकार देतो आणि त्याची शिक्षा म्हणून परिव्रज्या स्वीकारतो. म्हणजे बाबासाहेबांच्या धम्माचा इतिहास सैन्यात जाण्यास नकार देणाऱ्या एका तरुण नागरिकापासून सुरू होतो. सिद्धार्थ सभेत प्रश्न विचारतो, मत देतो, हरल्यावर परिणाम भोगतो. नकार देण्याचाही अधिकार त्यालाच असतो ज्याला सभेत बसण्याचा अधिकार आहे.

याच ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, आणि बुद्धांची अहिंसा हा आंधळा नियम नसून विचारपूर्वक पाळावयाचे तत्त्व आहे असे प्रतिपादिले आहे. योधाजीव सुत्ताशी हे जुळते. तेथेही भगवंतांनी बोट ठेवले ते इतरांच्या नाशाची कामना करणाऱ्या चित्तावर. विजयातून वैर जन्मते आणि पराजिताला सुखाची झोप लागत नाही, ही धम्मपदातील शिकवण अजातशत्रूकडून हरलेल्या कोसलराजाच्या प्रसंगी सांगितली गेली. तिच्यात जिंकणारा आणि हरणारा दोघेही आजारीच आहेत.

या सर्व विवेचनावरून आपल्या सैनिक पूर्वजांचे स्मरण कसे करावे, याची दिशा मिळते. विजयस्तंभापुढे नतमस्तक होताना आपण त्यांच्या धैर्याचा आणि माणूसपणाच्या दाव्याचा सन्मान करतो, तो करीतच राहावा. परंतु त्या सन्मानाचे रूपांतर युद्धाच्या गौरवात होऊ लागले, तर आपणही त्या जुन्या आचार्यांच्या पंक्तीत जाऊन बसू, ज्यांनी योद्ध्याला स्वर्गाचे आमिष दाखविले. आज आपल्या वस्त्यांतून सैन्यात गेलेले, सीमेवरून परतलेले, पेन्शनीवर आलेले कितीतरी जण विहारात नियमित येतात. त्यांतील अनेक जण फार बोलत नाहीत. त्यांच्या सत्काराला शाल आणि श्रीफळ असते, भाषण असते. त्यांचे ऐकण्यासाठी मात्र कार्यक्रमपत्रिकेत जागा नसते. योधाजीव गामणी बोलू शकला, कारण तथागतांनी त्याला प्रथम टाळले तरी खोटे सांगून समजाविले नाही, आणि तो रडू लागला तेव्हा त्याच्या रडण्याचे कारण त्याच्याच तोंडून येऊ दिले.

आमची सूचना अशी आहे, की प्रत्येक विहाराने वर्षावासाच्या काळात निदान एक संध्याकाळ अशा माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरातील स्त्रियांसाठी राखून ठेवावी. दोन्ही योधाजीव सुत्तांचे आणि गामणि संयुत्तातील प्रसंगाचे वाचन व्हावे आणि मग जे बोलू इच्छितील त्यांचे शांतपणे ऐकून घ्यावे. त्यांची संमती असल्यास ते लिहून ठेवावे. स्तंभावर २२ नावे कोरली गेली, पण त्यांतील एकाचेही मन आपल्यापर्यंत आले नाही. यापुढच्या पिढीच्या सैनिकांबाबत तसे घडू नये, ही जबाबदारी आता आपली आहे. कारण लेखणी आता आपल्या घरात आहे.